पाटी पुसण्याआधी

"सोमवारी सकाळी पाटी पुसून टाकू, अक्का," डॉ. सुकुमार मगदूम म्हणाला. "संध्याकाळी घरी. दोन महिन्यांत तू परत बोटीवर असशील."

खाटेवर टेकून बसलेली त्रिशला चौगुले ही त्याची थोरली बहीण. कृष्णाकाठच्या मळीवाडीत बायकांचं पूर-पथक तिनं उभं केलं होतं आणि पाणी चढलं की मोटरबोट ती स्वतः हाकायची. आई गेली तेव्हा सुकुमार चौथीत होता. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याच्या कांजिण्या, सगळं तिनंच निस्तरलं. पुढं तो रक्तवाहिन्यांच्या आजारांचा डॉक्टर झाला, मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळात विभागप्रमुख झाला, तरी तिच्यासमोर उभा राहिला की त्याचे हात आपोआप पाठीमागं जायचे. आज मात्र तो नुसता डॉक्टर होता आणि भराभर बोलत होता.

'पाटी पुसणं' हे लोकांनी दिलेलं नाव. इस्पितळात त्याला पुनर्घडण म्हणत. आपल्या रक्तातल्या बी-पेशी शरीरात शिरलेल्या परक्या गोष्टींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात. कधीकधी त्या चुकतात आणि भलतीच प्रतिपिंडं बनवू लागतात. त्यांतली काही आपल्याच पांढऱ्या पेशींना चिथावतात आणि त्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर तुटून पडतात. भिंती सुजतात, फुटतात. कातडीवर जांभळे डाग उमटतात, मूत्रपिंडं बंद पडत जातात, फुप्फुसात रक्त उतरतं. पूर्वी अशा रोग्यांना वर्षानुवर्षं स्टिरॉइडवर काढावी लागत. आता एक सलाईन पुरत असे. त्यात चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत आरएनएचे तुकडे भरलेले असत. हे थेंब शरीरातल्या लढाऊ टी-पेशींत शिरत आणि त्यांना थोड्या दिवसांपुरता एकच हुकूम देत: दिसेल ती बी-पेशी संपवा. जुन्या, बिघडलेल्या पेशी साफ होत, काही महिन्यांनी मज्जेतून नव्या येत, आणि बहुतेकांचा आजार पुन्हा डोकं वर काढत नसे.

सुकुमारनं शेकडो माणसं अशी बरी केली होती. पण औषध जितकं सोपं होत गेलं, तितके त्याच्याआधी विचारायचे प्रश्न कमी होत गेले. रक्तात एएनसीए नावाचं प्रतिपिंड सापडलं, बायॉप्सीत सूज दिसली आणि संगणकाच्या निदानप्रणालीनं नव्वदच्या वर गुण दिले, की तारीख मिळायची. त्रिशलाला चौऱ्याण्णव मिळाले होते.

"सुकू, एक विचारू?" ती म्हणाली. "पुराच्या वेळच्या गोळ्यांनी मला बरं का वाटलं होतं?"

"कुठल्या गोळ्या?"

"तुला सांगितलं होतं की. लेप्टोच्या."

तिला बारीक ताप यायला लागला तो मागच्या हिवाळ्यात. मग वजन उतरलं, उन्हाळ्यात पोटऱ्यांवर जांभळे ठिपके आले. श्रावणात नदीनं पात्र सोडलं तेव्हा अंगात ताप असतानाच ती बोटीवर गेली. पाणी ओसरल्यावर गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरना लेप्टोची, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, शंका आली. तपासणीत लेप्टो निघाला नाही, पण डॉक्सिसायक्लिन या जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स तोवर पोटात गेला होता. त्या गोळ्या चालू असताना आणि नंतरही काही दिवस ताप उतरला होता, ठिपके फिके पडले होते, भूक लागायला लागली होती. मग हळूहळू सगळं परत आलं, आणि दिवाळीपर्यंत लघवीतून रक्त जायला लागलं.

"हा आजार असाच असतो, अक्का. आपणहून कमी होतो, आपणहून वाढतो. शिवाय त्या गोळीत सूज उतरवायचा थोडा गुण असतोच."

"थोडा. मला थोडं नव्हतं वाटलं. मी चालत शेताला जाऊन आले होते."

"रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतात का ते आपण बघितलं. काही वाढलं नाही. हृदयाचा इको केला. साफ आहे."

"वाढला नाही म्हणजे नाही, असंच असतं का?"

हा प्रश्न सुकुमारनं विद्यार्थ्यांना विचारायला हवा होता, आणि तो विचारणं त्यानं कधी सोडलं ते त्याला आठवेना.

"औषध दिल्यावर मधले महिने अंगात जंतूंशी लढणारं काही उरत नाही. बरोबर?" त्रिशला म्हणाली. "आणि आत जंतू असला तर?"

"तर तो पसरेल," तो नाइलाजानं म्हणाला.

"आणि दिलेलं औषध परत काढता येतं?"

"नाही. पण थांबलो आणि उद्या फुप्फुसात रक्त आलं तर तेही परत घालता येत नाही. तुझं क्रिएटिनिन रोज चढतंय. रोज थोडं मूत्रपिंड जातंय. कळतंय का तुला?"

"कळतंय. तरी सोमवारी नको. आत काही लपलंय का ते आधी शोध. शोधायची काहीतरी सोय असेल ना तुमच्याकडं?"

सोय होती. तळमजल्यावर, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, डॉ. नसीम बागवान यांच्या ताब्यात. खोलवाचक म्हणत त्या यंत्राला. मेलेल्या पेशींच्या डीएनएचे तुकडे आपल्या रक्तात सतत तरंगत असतात. त्यांत बहुतेक आपलेच असतात, पण शरीरात कुठं जंतू लपला असेल तर चिमूटभर त्याचेही असतात. जंतू बाटलीत वाढो न वाढो, त्याचे तुकडे वाचता येतात. शिवाय आपल्या तुकड्यांवर रासायनिक खुणा असतात, आणि तो तुकडा यकृतातल्या पेशीचा की हृदयातल्या, हे त्या खुणांवरून कळतं. म्हणजे नुकसान कुठं चाललंय त्याचा पत्ताही लागतो. अडचण एकच होती. यंत्राला दरवेळी काहीतरी सापडायचंच, हिरड्यांतला नाही तर आतड्यातला एखादा निरुपद्रवी जंतू. त्यातून खरं काय ते निवडायला चार दिवस जायचे. म्हणून पुनर्घडणीच्या विभागानं ती तपासणी मागवणं केव्हाच बंद केलं होतं.

सुकुमार स्वतः रक्ताची नळी घेऊन खाली गेला. अक्काचा हट्ट लवकर मिटावा, एवढाच त्याचा हेतू होता.

नसीम मॅडम वयानं मोठ्या होत्या आणि त्यांना गोड बोलायची सवय नव्हती. "एएनसीए पॉझिटिव्ह, मूत्रपिंडाला सूज, कल्चर कोरं," त्यांनी पडद्यावर वाचलं. "बायॉप्सीत प्रतिपिंडांचे थर दिसतात, तुमच्या नेहमीच्या रोग्यांपेक्षा जास्त. जंतू असला की असे थर साचतात. हे पाहिलं होतं का?"

"पाहिलं होतं. प्रणालीनं फारसं धरलं नाही."

"प्रणालीनं," त्या म्हणाल्या आणि नळी ठेवून घेतली.

वर वॉर्डात भूपाल आला होता. त्रिशलाचा नवरा सांगलीच्या हळदबाजारात अडत्या होता, मऊ स्वभावाचा, भावकीत भांडण झालं तर उठून जाणारा. आज तो उठून गेला नाही.

"तुझा भाऊ या कामातला मोठा माणूस. लोक लांबून येतात त्याच्याकडं. आणि तू त्यालाच शिकवतीस?"

"शिकवत नाही. चार दिवस मागतीय."

"आणि चार दिवसांत काही झालं तर? मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"माझ्याच," ती म्हणाली. "ठरवलंय मी, तुम्ही नाही. काही झालं तर सुकूला बोल लावायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

भूपालनं खिडकीकडं तोंड फिरवलं. मग त्यानं डब्यातली खिचडी ताटलीत काढली आणि ती पुढं केली. तिला भूक नव्हती, तरी तिनं खाल्ली.

ते दिवस सोपे गेले नाहीत. क्रिएटिनिन चढतच होतं. सुकुमारनं मधली वाट काढली होती: डॉक्सिसायक्लिन पुन्हा सुरू, स्टिरॉइड अगदी थोडं, आणि फुप्फुसात काही उतरलं तर लगेच सोमवारचीच योजना. तो दिवसातून कितीतरी वेळा यायचा, तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावायचा आणि श्वास ऐकून झाला तरी उगाच लावून ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डाव्या पायाचा अंगठा निळा पडला. रात्रीपासून दुखत होता, पण तिनं नर्सला सांगितलं नव्हतं. सुकुमारनं बोटानं दाबून पाहिलं, तर अंगठा गार होता.

"बस झालं आता," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "वाहिनी बुजली. आजार पुढं सरकतोय. आज औषध देणार मी. सही कर."

त्रिशलानं त्याच्याकडं पाहिलं. तिला भीती वाटत होती. पुरात बोटीचं इंजिन बंद पडलं की वाटते तशी. अशा वेळी घाबरलेल्याच्या हातात दोर द्यायचा नसतो, एवढं ती पथकातल्या पोरींना नेहमी सांगायची.

"तू खाली ज्यांना रक्त दिलंस, त्या नसीम मॅडमना बोलाव," ती म्हणाली. "त्यांना अंगठा दाखव. त्यांनी पण दे म्हटलं तर मी सही करते."

नसीम मॅडम आल्या, वाकून पाहिलं आणि सुकुमारला बाजूला घेतलं नाही, तिच्यासमोरच बोलल्या. "एकच अंगठा. बाकी नऊ बोटं चांगली आहेत. भिंत सुजून बुजली असेल. पण वरून तुटून आलेला कण अडकला असेल तर तोही असाच दिसेल, हृदयातून आलेला."

"इको साफ आहे," सुकुमार म्हणाला.

"छातीवरून केलेला. अन्ननलिकेतून करा. आणि माझं वाचन दुपारपर्यंत होईल, मी पुढं घेतलंय."

इकोची नळी घशातून खाली उतरवताना त्रिशलाचा हात सुकुमारनं धरला होता. पडद्यावर महाधमनीची झडप उघडत-मिटत होती. तिला तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या. जन्मापासूनचा हा दोष, कधी त्रास न झाल्यानं कुणाला कळलाच नव्हता. आणि एका पाकळीच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी प्रत्येक ठोक्याला हलत होतं.

दुपारी नसीम मॅडम कागद न घेता आल्या. "नेहमीचे हिरड्यांतले जंतू आहेत, ते सोडून द्या. पण बार्टोनेला नावाच्या जंतूचे तुकडे आहेत, भरपूर. आणि तुमच्या बहिणीच्या पेशींचे जे तुकडे वाढलेत, ते हृदयाच्या झडपेच्या अस्तराचे आहेत. मूत्रपिंडाचे आहेत, ते असणारच. पण मूळ वर आहे." मग त्या त्रिशलाकडं वळल्या. "घरी मांजर आहे?"

"नाही."

"कधी बोचकारलंय?"

त्रिशलाला आठवायला वेळ लागला नाही. या वर्षीच्या नव्हे, त्याच्या आदल्या पुरात शाळेच्या छतावर मांजरी अडकल्या होत्या, पिल्लांसकट. माणसं काढून झाल्यावर तिनं बोट परत नेली होती. बारदानात भरताना त्यांनी तिचे दोन्ही हात सोलून काढले होते.

हा जंतू मांजराच्या रक्तात राहतो आणि पिसवांच्या विष्ठेतून त्याच्या नखांवर येतो, नसीम मॅडमनी सांगितलं. माणसाच्या अंगात शिरला की तो पेशींच्या आत दडतो, म्हणून नेहमीच्या बाटलीत वाढत नाही. सदोष झडप त्याला आवडते. तिथं बसून तो महिनोन्महिने थोडाथोडा रक्तात सुटत राहतो आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवून बनवून बेजार होतं. त्या गर्दीत आपल्याच पेशींना चिथावणारी प्रतिपिंडंही तयार होतात. म्हणून रक्त, मूत्रपिंड, कातडी, सगळं एकच खोटं सांगतं. सूज खरी असते, पण तिच्यामागचा हात वेगळा असतो.

सुकुमार खाटेच्या कडेवर बसला. विभागप्रमुख रोग्याच्या खाटेवर बसत नसत. "सोमवारी दिलं असतं तर," एवढंच तो म्हणाला.

"दिलं नाहीस," त्रिशला म्हणाली.

डॉक्सिसायक्लिनच्या जोडीला रिफाम्पिसिन सुरू झालं, आणि त्या औषधाच्या रंगानं लघवी केशरी होताच भूपाल घाबरून नर्सला बोलवायला धावला. आठवड्याभरात शल्यचिकित्सकांनी ती झडप काढून कृत्रिम बसवली. काढलेल्या झडपेतही तोच जंतू सापडला. ताप गेला, डाग गेले, एएनसीए उतरत उतरत नाहीसं झालं. मूत्रपिंडं निम्मीच परत आली. अंगठ्याचं टोक काळं पडून गळलं. नव्या झडपेपायी रक्त पातळ ठेवणारी गोळी आता जन्माची झाली. पत्रा, खिळा, दोर, कशानंही कापलं तर रक्त थांबायचं नाही, म्हणून बोट हाकणं बंद. हे तिला दोन दिवस पचलं नाही. मग पथकाची सूत्रं शेजारच्या राजमतीकडं दिली आणि काठावरून वायरलेसवर बसायचं ठरवलं.

घरी न्यायच्या दिवशी भूपाल पिशव्या भरता भरता म्हणाला, "मी पण सही कर म्हणूनच तुझ्या मागं लागलो होतो."

"मला वाचवायलाच लागला होता," ती म्हणाली. "चप्पल राहिली बघा खाटेखाली."

सुकुमारला मात्र स्वस्थता नव्हती. पाटी पुसल्यानंतर काही महिन्यांत जे थोडे रोगी दगावले होते, त्यांच्या मृत्यूचं कारण 'उपचारोत्तर संसर्ग' असं नोंदलेलं होतं. बाहेरून झालेला संसर्ग, असंच सगळे धरून चालले होते. त्यानं नसीम मॅडमना त्यांचं जुनं रक्त वाचायला सांगितलं. रक्त नव्हतंच. तपासणी झाली की नमुने टाकून द्यायचे, हीच रीत होती.

"म्हणजे मला कधीच कळणार नाही," तो मळीवाडीला आला तेव्हा म्हणाला. ओसरीवर त्रिशला वायरलेसची बॅटरी चार्जिंगला लावत होती.

"नाही कळणार," ती म्हणाली. "पुढच्यांचं कळेल की."

"व्यवस्थापन नको म्हणतंय. चार दिवस थांबायला लावलं तर लोक दुसरीकडं जातील म्हणतात. आणि ते जातील पण."

"तू काय म्हणालास?"

"खोलवाचन झाल्याशिवाय माझ्या विभागात सलाईन लागणार नाही, म्हटलं. नको असेल तर विभाग दुसऱ्याला द्या."

"मग?"

"अजून दिला नाही."

उन्हाळ्यात ती तपासणीला मिरजेला गेली, तेव्हा विभागाच्या दारातच वाद चालला होता. महादेव नरुटे नावाचे गृहस्थ आटपाडीकडून आले होते. त्यांची मुलगी रेवती, कॉलेजात शिकणारी, त्याच डागांनी आणि त्याच रक्ताळ लघवीनं आत पडून होती. गावातल्या दोघांची पाटी इथंच पुसलेली, दोघं ठणठणीत. आणि डॉक्टर आता थांबा म्हणतात. कोल्हापुरात उद्याच देतो म्हणाले होते.

सुकुमारनं बहिणीला काही बोलायला सांगितलं नाही. ती आपणहून आत जाऊन रेवतीजवळ बसली.

"तुमच्यात जंतू निघाला म्हणे," रेवती म्हणाली. "माझ्यात पण असेल का?"

"मला माहीत नाही. नसेलही."

"नसला तर हे दिवस फुकट जाणार."

"हो. जातील."

मुलीला बहुधा धीराचे शब्द अपेक्षित होते. ती त्रिशलाच्या तोंडाकडं पाहत राहिली. "तुम्हाला भीती वाटली नाही?"

"वाटली. पायाचा अंगठा गार पडला तेव्हा लई वाटली. पण आत काय आहे ते न बघता उडी मारायची मला जास्त भीती वाटत होती." मग ती म्हणाली, "तुझं तू ठरव. वडलांना सांगायला मी बरोबर येते, काय ठरवशील ते."

रेवतीनं थांबायचं ठरवलं. महादेव नरुटे पाय आपटत बाहेर गेले, पण मुलीला हलवलं नाही. त्रिशला गावी परतली नाही, सुकुमारच्याच घरी राहिली आणि रोज वॉर्डात येत राहिली.

खोलवाचनाचा निकाल आला. आतड्यातले नेहमीचे जंतू, बाकी काही नाही. अन्ननलिकेतून केलेला इकोही साफ. रेवतीला खराखुरा रक्तवाहिनीदाह होता. मधल्या दिवसांत तिचं क्रिएटिनिन आणखी चढलं होतं.

महादेव नरुटे सुकुमारसमोर उभे राहिले. ते ओरडले नाहीत, त्यामुळं ऐकणं जास्त जड गेलं. "तुमच्या थांबण्यापायी पोरीचं मूत्रपिंड आणखी खराब झालं. झालं का नाही?"

"झालं," सुकुमार म्हणाला. "थोडं झालं. सगळं भरून येईल असंही मी सांगणार नाही."

"मग थांबवलं कशाला?"

"तिच्यात जंतू नाही हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता औषध देताना माझा हात कापणार नाही."

नरुटेंनी खुर्ची ओढून मुलीच्या उशाशी घेतली. सुकुमारनं सलाईन स्वतः लावलं, एरवी हे काम नर्स करत. वडलांनी रेवतीचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. थेंब पडायला लागले.

सलाईन संपेपर्यंत त्रिशला दाराशी बाकावर बसून राहिली. सुकुमार बाहेर येऊन तिच्या शेजारी बसला. त्यानं चष्मा काढून डोळे चोळले.

"उद्या जयसिंगपूरहून एक बाई येणार आहेत, अक्का. त्यांची माणसंही भांडणार. आणि या वेळी तर त्यांना सांगायला माझ्याकडं हेच उदाहरण आहे, थांबून तोटा झाल्याचं."

"खरं तेच सांग."

"सांगितलं तर थांबतील?"

"काही थांबतील, काही जातील. तू थांबवत राहा."

त्यानं मान हलवली, चष्मा घातला आणि नसीम मॅडमना उद्या येणाऱ्या रक्ताच्या नळीचं कळवायला उठून जिना उतरू लागला.